कडू भोपळ्याची घराणी

बोदवडकडे परसातल्या कुडावर चढलेल्या दुधीच्या वेलाचे कोणाला अप्रूप नसते. त्याचा भाऊबंद असलेला कडू भोपळा तर भाजीच्याही उपयोगाचा नाही. परंतु तो वेलावरच वाळू दिला, की गर आटतो, बिया खुळखुळू लागतात, साल लाकडासारखी टणक होते आणि आत पोकळी उरते. वाद्याचा अर्धा भाग येथेच, माणसाचा हात लागण्यापूर्वी, घडून गेलेला असतो. ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडचे योल्ङू लोक यिडाकीसाठी, म्हणजे जग जिला डिजेरिडू म्हणते तिच्यासाठी, वाळवीने आतून पोखरलेला निलगिरीचा बुंधा ठोकून, कानाने पारखून निवडतात. तेथे वाळवी जे करते, ते आपल्याकडे ऊन करते.

1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. बोदवड पूर्वेकडे राहिले. भोपळ्याची पावरी मात्र पश्चिमेची. साक्री-नवापूरकडील कोकणा आणि भिल्ल समाजांत मार्गशीर्षातल्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती वाजते. भोपळ्यात फुंक साठते, त्याला मेणाने बांबूच्या दोन नळ्या बसवतात, टोकाला शिंगासारखा कर्णा. पालघरकडचा वारल्यांचा तारपा याच कुळातला. तारपेवाला गालांतली हवा वाद्यात सोडत असतानाच नाकाने श्वास घेतो, म्हणून नाद तुटत नाही; यिडाकी वाजविणाराही नेमके हेच करतो. दोघांची गाठ कधी पडलेली नाही.

आता मराठीकडे पाहू. भोपळ्याचीच असलेली गारुड्याची पुंगी आपल्या भाषेत आली ती थट्टेपुरती. गाजराची पुंगी तर वाजली नाही तर मोडून खायची! तोच भोपळा तंबोऱ्याला लागला, की आपण त्याला नमस्कार करतो. मिरजेच्या कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकातील फरीदसाहेब सतारमेकरांपर्यंत नेता येते. शस्त्रे घासणाऱ्या शिकलगारांचे हात तंतुवाद्यांकडे वळले, त्यांना संस्थानाचा आश्रय मिळाला, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले. ते रास्तच आहे. मात्र हा फरक भोपळ्याचा नव्हे, दरबाराचा आहे, असे आमचे मत आहे.

पावरीचा घडविणारा बहुधा वाजविणाराच असतो. त्याचे दुकान नाही, म्हणून पाटीही नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1907 सालच्या खंडात भिल्ली आणि खानदेशी बोली नोंदविल्या गेल्या. नमुन्यासाठी ठरवून दिलेली मुख्य कथा होती बायबलातील उधळ्या पुत्राची. बोलणाऱ्यांना ती आपल्या बोलीत सांगावी लागली. आपल्या वाद्याविषयी काय सांगाल, हा प्रश्न त्या नमुन्यात नव्हता.