गाभण घोडीची वाटणी : अश्वसंगोपनातील भागीदारीचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घोड्याचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने लढायांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. घोडदळाची संख्या, स्वारांचे वेतन, घोड्यांची आयात व त्यांची किंमत या बाबींचा ऊहापोह पुष्कळ झाला. तथापि रणांगणावर पोहोचण्यापूर्वी प्रत्येक घोडा कोणाच्या तरी दावणीला जन्मास आलेला असतो, आणि त्याच्या जन्मापूर्वी सुमारे अकरा महिने त्याची आई कोणाच्या तरी वैरणीवर जगलेली असते. या अकरा महिन्यांचा खर्च कोणी सोसला, श्रम कोणी केले आणि शिंगरू मृत जन्मले तर हानी कोणाच्या पदरी पडली, हे प्रश्न इतिहासलेखनात सहसा विचारले जात नाहीत.

गाभण घोडीची जोखीम एकट्याने न घेता ती दोन पक्षांत वाटून घेण्याच्या काही ऐतिहासिक व्यवस्थांचा तौलनिक विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी अरबस्तानातील बदाऊनी टोळ्या, ईस्ट इंडिया कंपनीचे बिहारमधील पैदास केंद्र आणि विसाव्या शतकारंभीच्या पंजाबातील 'घोडीपाल' पद्धती ही तीन उदाहरणे निवडली आहेत. भागीदारीचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर शिंगराची वाटणी कशी झाली एवढेच पाहून भागत नाही. संगोपनाची वाटणी कशी झाली हेही पाहावे लागते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

भागीदारीची गरज का निर्माण होते?

गाय वा म्हैस यांच्या तुलनेत गाभण घोडी सांभाळणे अधिक जोखमीचे असते. तिचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा असतो. एका वेळी एकच शिंगरू जन्मते. जुळ्यांचा गर्भ बहुधा टिकत नाही. गर्भाची वाढ शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. त्यामुळे नेमक्या याच काळात दाणावैरण वाढवावी लागते आणि स्वारीचे काम मात्र कमी करीत शेवटी थांबवावे लागते. घोडी बहुधा रात्री विते आणि प्रसूतीत अडचण आल्यास हाती फार थोडा वेळ असतो. म्हणजे शेवटचे काही आठवडे राखणीचे जागरण अटळ ठरते. गाय व्याली की घरात दूध येते. घोडीच्या बाबतीत असा तात्काळ मोबदला नसतो. शिंगरू स्वारीयोग्य होण्यास पुढे आणखी तीनएक वर्षे लागतात.

अशा परिस्थितीत ज्याच्याकडे उत्तम घोडी आहे त्याच्याकडे चारा असेलच असे नाही आणि ज्याच्याकडे चारा व मनुष्यबळ आहे त्याला उत्तम घोडी परवडेलच असेही नाही. भागीदारीचा उगम या विषमतेत आहे. जनावर अर्धेलीने किंवा वाट्याने सांभाळावयास देण्याची रीत महाराष्ट्रातील ग्रामीण समाजाला परिचित आहे. तिच्यामागील तर्कही हाच होय.

संपूर्ण संगोपन राज्याकडे असताना

भागीदारीचा विचार करण्यापूर्वी जेथे भागीदारी नाही अशा व्यवस्थेकडे दृष्टिक्षेप टाकणे उपयुक्त ठरेल. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात नुकत्याच व्यालेल्या घोडीसाठी पहिल्या तीन रात्री एक प्रस्थ तूप आणि त्यानंतर दहा रात्री एक प्रस्थ सातू व औषधमिश्रित स्नेहपान असा आहार सांगितला आहे. शिंगराला दहा दिवसांनंतर काय व किती द्यावे, याचेही माप दिलेले आहे. घोडी राज्याची, शिंगरू राज्याचे आणि तूपही राज्याच्या कोठारातले. त्यामुळे संगोपनाचा प्रत्येक घटक मोजला गेला व नोंदला गेला.

शिवकालीन पागेच्या रचनेतही हाच न्याय दिसतो. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीनुसार पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार असे आणि तेवढ्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. बारगिराचा घोडा सरकारी असल्याने त्याचे पाणी व नाल यांची व्यवस्था सरकारच्या हिशेबात येई. याउलट शिलेदाराचा घोडा स्वतःचा. त्याचे संगोपन आणि त्याची हानी या दोन्ही गोष्टी प्रथमतः शिलेदाराच्याच माथी येत. हिशेबाच्या वहीत कोणता खर्च उमटतो हे मालकीवर अवलंबून असते, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

'घोडीचे पोट' : बदाऊनी व्यवहार

स्विस प्रवासी योहान लुडविग बुर्कहार्ट (१७८४-१८१७) याची बदाऊनी टोळ्यांविषयीची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १८३० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत घोडीच्या विक्रीचा एक विलक्षण प्रकार नोंदलेला आहे. उत्तम जातीची घोडी अरब सहसा पूर्णतः विकत नसे. तिच्यातील निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा तो स्वतःकडे राखून ठेवी. निम्मा हिस्सा विकल्यास खरेदीदार घोडी घरी नेई. मात्र पुढे जन्मणारी पहिली मादी शिंगरी त्याने मूळ मालकाला द्यावी किंवा शिंगरी स्वतःकडे ठेवून घोडी परत करावी, असा पर्याय असे. मालकाने दोन तृतीयांश हिस्सा राखला असेल तर दोन वर्षांच्या माद्यांवर त्याचा हक्क राही. त्यानंतरची संतती आणि सर्व नर शिंगरे मात्र खरेदीदाराची होत. या व्यवहारास घोडीचे 'बत्न', म्हणजे पोट, विकणे असे म्हणत.

या व्यवहाराचे दोन विशेष लक्षणीय आहेत. पहिला असा की, येथे केवळ न जन्मलेल्या गर्भाचा सौदा होत नाही. जन्मास न आलेले पिल्लू आईपासून वेगळे करून विकणे इस्लामी धर्मशास्त्रानुसार अनिश्चिततेमुळे अवैध ठरते. बदाऊनी रिवाजात हिस्सा प्रत्यक्ष घोडीतच असतो आणि संततीवरील हक्क त्या हिश्श्यातून उद्भवतो. दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. गर्भकाळातील संगोपन खरेदीदाराकडे जाते; परंतु त्याचा मोबदला म्हणून त्याला घोडीचा दैनंदिन उपयोग, नर शिंगरे आणि कालांतराने सर्व संतती मिळते. शिवाय निम्म्या हिश्श्याच्या व्यवहारात घोडी ठेवावी की शिंगरी, याची निवड जो संगोपन करतो त्याच्याच हाती राहते. दोन्ही पक्ष सामाजिकदृष्ट्या समान पातळीवर असल्यानेच असा समतोल साधला जाऊ शकला, असे अनुमान काढता येते.

पुसा येथील पैदास केंद्र

ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळाला अठराव्या शतकाच्या अखेरीस चांगल्या घोड्यांची टंचाई जाणवू लागली. त्यावर उपाय म्हणून १७९० च्या दशकात बिहारमधील पुसा येथे पैदास केंद्र उभारण्यात आले. फ्रान्समधील ल्यों येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेला विल्यम मूरक्रॉफ्ट १८०८ मध्ये त्याचा अधीक्षक झाला. उत्तम घोड्यांच्या शोधात त्याने १८१२ मध्ये तिबेटचा आणि १८१९ नंतर लडाखमार्गे बुखाऱ्याचा प्रवास केला. परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या प्रवासांची कीर्ती मोठी आहे. मात्र केंद्राचे दैनंदिन काम ज्या व्यवस्थेवर चाले, तिची चर्चा त्या मानाने अल्प झाली आहे.

केंद्राच्या सर्व घोड्या पुसा येथेच ठेवल्या जात नसत. अनेक घोड्या परिसरातील जमीनदार व शेतकरी यांच्याकडे सांभाळावयास दिल्या जात आणि ठरावीक वयाची शिंगरे कंपनी ठरलेल्या दराने विकत घेई. यांतील एका प्रकाराला 'निस्फी', म्हणजे निमे, असे नाव होते. भागीदारीची कल्पना त्या नावातच आहे. कंपनीच्या दृष्टीने यात उघड सोय होती. शेकडो गाभण घोड्यांचा चारा, गोठा व राखण यांचा भार एका ठिकाणी न पडता खेड्याखेड्यांत विखुरला जाई.

बदाऊनी व्यवहाराशी तुलना करता येथील फरक स्पष्ट होतो. तेथे किंमत व निवड दोन्ही पक्षांत ठरत असे. येथे दर ठरविणारा व शिंगरू पसंत करणारा पक्ष एकच होता. १८७० च्या दशकात बंगालमधील ही सरकारी पैदास बंद करण्यात आली. पुढे १९०५ मध्ये त्याच पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली.

घोडीपाल : जमिनीच्या बदल्यात घोडी

या व्यवस्थेचे सर्वांत काटेकोर रूप पंजाबातील कालवा वसाहतींमध्ये आढळते. १९००-०१ च्या घोडे व खेचर पैदास आयोगाच्या शिफारशींनंतर शाहपूर जिल्ह्यातील (आजचा पाकिस्तानातील सरगोधा परिसर) लोअर झेलम कालवा वसाहतीत जमीनवाटपाला नवी अट जोडण्यात आली. सामान्य शेतकऱ्याला साधारणपणे दोन मुरब्बे, म्हणजे सुमारे ५५ एकर जमीन मिळे. त्या बदल्यात त्याने पैदाशीस योग्य ठरविलेली एक घोडी कायम सांभाळावयाची असे. वळू घोडा सरकारचा, तपासणी सरकारची, आणि शिंगरांच्या खरेदीत लष्कराला अग्रहक्क. उरलेले सारे, म्हणजे वैरण, राखण, प्रसूती आणि हानी, घोडीपालाच्या वाट्याला येई.

वरवर पाहता ही देवघेव शेतकऱ्याच्या लाभाची वाटते. कालव्याचे पाणी मिळणारी ५५ एकर जमीन हा लहान मोबदला नव्हे. परंतु इम्रान अली यांनी 'द पंजाब अंडर इम्पीरिअ‍ॅलिझम' (१९८८) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे या अटीचे परिणाम गोठ्यापुरते मर्यादित राहिले नाहीत. घोडी अविभाज्य असल्याने तिला जोडलेली जमीनही अविभाज्य ठरविण्यात आली. सर्व मुलांना समान वाटा देण्याची रीत असलेल्या समाजावर एकाच वारसाचा नियम लादला गेला. सेवेची अट असेपर्यंत जमिनीची पूर्ण मालकीही मिळू शकत नव्हती. एका जनावराच्या गर्भधारणेची निकड अशा रीतीने भावाभावांतील वाटणीपर्यंत पोहोचली. ही अट सुमारे चार दशके टिकली आणि १९४० च्या सुमारास संपुष्टात आली.

समारोप

वरील तिन्ही व्यवस्थांमध्ये गाभण घोडीची जबाबदारी दोन पक्षांत विभागलेली आहे. तथापि तिन्हींना 'भागीदारी' हे एकच नाव देणे दिशाभूल करणारे ठरेल. भेद ओळखण्यासाठी तीन प्रश्न उपयोगी पडतात : अकरा महिने चारा कोणी घातला? गर्भ वाया गेल्यास नुकसान कोणी सोसले? आणि जन्मलेल्या शिंगराची निवड प्रथम कोणी केली? बदाऊनी व्यवहारात चारा घालणाऱ्याच्या हाती निवडीचा मोठा भाग राहिला. पुसा व शाहपूर येथे चारा आणि हानी एका बाजूला, तर निवड दुसऱ्या बाजूला गेली.

या विभागणीचा परिणाम साधनसामग्रीवरही झाला आहे. राज्य स्वतःच्या कोठारातून तूप देत होते तेव्हा त्याचे प्रस्थाप्रस्थाने माप लिहिले गेले. तोच भार शेतकऱ्याच्या घरावर गेल्यानंतर सरकारी दप्तराला खरेदी केलेल्या शिंगरांच्या संख्येपलीकडे नोंद करण्याचे कारण उरले नाही. रात्रीची राखण, घरच्या धान्यातून दिलेला जादा दाणा आणि मृत शिंगरू यांची नोंद ठेवणे कोणाच्याच हिशेबात बसत नव्हते. तेव्हा या श्रमांविषयी कागदपत्रे मौन बाळगतात म्हणून ते श्रम नगण्य होते असा निष्कर्ष काढता येणार नाही; ते दुसऱ्या पक्षाकडे सोपविले गेले होते, एवढाच त्या मौनाचा अर्थ होय.

पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तरात पागेसंबंधी मोडी कागद विपुल आहेत. घोड्यांची गणती आणि किंमत यांपलीकडे जाऊन उपर्युक्त तीन प्रश्न मनात ठेवून ते वाचले गेले, तर मराठ्यांच्या घोडदळामागे उभ्या असलेल्या ग्रामीण कुटुंबांचा इतिहास काही अंशी तरी हाती लागू शकेल.