२७ फेब्रुवारी १९८८ : टोंबाचे दुसरे सुवर्ण
कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये इटलीचा २१ वर्षांचा स्कीपटू अल्बर्टो टोंबा याने स्लॅलम शर्यत जिंकली. पहिल्या फेरीनंतर तो तिसरा होता. दुसरीत मुसंडी मारून त्याने पश्चिम जर्मनीच्या फ्रँक वोर्नडलला अवघ्या ०.०६ सेकंदाने मागे टाकले. जायंट स्लॅलमचे सुवर्ण त्याने दोनच दिवसांपूर्वी पटकावले होते. स्लॅलमची ही दुसरी फेरी दाखवण्यासाठी इटलीच्या दूरचित्रवाणीने सान्रेमो गीत महोत्सवाची अंतिम रात्र मध्येच थांबवली! बोलोन्याच्या या शहरी मुलाने सारा देश बर्फाच्या उतारांवर खिळवून ठेवला. १९९२ मध्ये जायंट स्लॅलमचे सुवर्ण राखून, अल्पाइन स्कीइंगच्या एकाच प्रकारात लागोपाठ दोन ऑलिंपिक जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला. १९९५ मध्ये विश्वचषक मालिकेचे एकंदर विजेतेपद आणि १९९८ मध्ये ५०वा विश्वचषक विजय मिळवून हा जिगरबाज खेळाडू निवृत्त झाला.