मोठं घर, भरीव वासा

क्लॅरन्स गेन्स हे अमेरिकन बास्केटबॉल प्रशिक्षक १९९३ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ८२८ विजय जमा होते. पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये त्या वेळी त्यांच्या पुढं एकच माणूस होता. केंटकी विद्यापीठाचे ॲडॉल्फ रप. त्यांचे विजय ८७६.

गेन्स मूळचे कुठले? तेही केंटकीचेच. १९२३ साली पडूका या गावी त्यांचा जन्म झाला. पण शाळा संपल्यावर आपल्याच राज्याच्या त्या विद्यापीठात शिकायला जाणं त्यांना शक्य नव्हतं. काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका शाळेत शिकवायला केंटकीत १९०४ पासून कायद्यानं बंदी होती. रप यांनी आपल्या संघासाठी पहिला काळा खेळाडू निवडला तो थेट १९६९ साली. विक्रमांच्या तक्त्यात ही दोन नावं एकाखाली एक छापलेली असतात. मधली ही गोष्ट तक्त्यात मावत नाही.

गेन्स बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात गेले. रसायनशास्त्र शिकले, फुटबॉल खेळले आणि दंतवैद्य व्हायचं ठरवून बसले. उंची सव्वासहा फूट, वजन १२० किलोच्या आसपास. त्यांना पाहून कॉलेजातला एक कर्मचारी म्हणाला, तुझ्याहून मोठं मी एकच काय ते पाहिलंय, घर! तेव्हापासून जन्मभर ते ‘बिग हाउस’. मोठं घर म्हटलं की आपल्याला पोकळ वासा आठवतो. या घराचे वासे मात्र भरीव निघाले.

१९४५ साली ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विन्स्टन-सेलमला साहाय्यक प्रशिक्षक म्हणून आले. हे तंबाखूचं शहर. याच शहराच्या नावावरून तिथल्या कारखान्यानं पुढं ‘विन्स्टन’ आणि ‘सेलम’ या सिगारेटी काढल्या. कॉलेज छोटं, काळ्या मुलांसाठी शिक्षक घडवणारं. वर्षभरात त्यांचे वरिष्ठ दुसरीकडं गेले आणि सगळा कारभार तेवीस वर्षांच्या गेन्स यांच्या अंगावर पडला. फुटबॉल त्यांनी शिकवायचा, बास्केटबॉल त्यांनीच. क्रीडा विभागाचे प्रमुख तेच. मुलांच्या दुखऱ्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या त्यांनी आणि तिकिटांचा हिशेबही त्यांनीच बघायचा. आपल्याकडं लहान गावच्या कॉलेजात काम केलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल.

इथं एका शब्दाबद्दल सांगावंसं वाटतं. आमच्या घरात ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठी शाळेतल्या मित्रांची ‘तालीम’ म्हणजे लाल मातीचा हौदा, दंड-बैठका आणि वस्ताद. एकाच शब्दाला दोन दारं. गेन्स यांच्या कॉलेजात ही दोन्ही दारं एकाच अंगणात उघडत होती. ते व्यायामशाळेतले वस्ताद होते आणि शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापकही. तिथला खेळाडू पदवी घेऊन शिक्षक होण्यासाठी आलेला असे.

गेन्स फुटबॉलचा माणूस. बास्केटबॉलमधलं बारकं ज्ञान त्यांनी मिळवलं ते जवळच्याच डरहॅम गावच्या जॉन मॅक्लेंडन यांच्याकडून. हे मॅक्लेंडन या खेळाचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकलेले. म्हणजे गंडा थेट घराण्याचाच! चेंडू हाती येताच प्रतिस्पर्ध्याला सावरू न देता पळत सुटायचं, ही मॅक्लेंडन यांची चाल. १९४९ नंतर गेन्स यांनी फुटबॉल सोडला आणि १९५० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली. दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांची दारं बंद असल्यानं तिथले कितीतरी काळे शिक्षक उच्च शिक्षणासाठी एवढ्या लांब जात. याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

सामन्यांसाठीचा प्रवास हा तर वेगळाच अभ्यासक्रम होता. वाटेतलं हॉटेल खोली देईल, खाणावळ बसू देईल याचा भरवसा नाही. मग शिदोरी बरोबर घ्यायची आणि रात्री यजमान कॉलेजच्या वसतिगृहात पथाऱ्या टाकायच्या. संघ खेळायचे तेही आपसातच. त्यांच्या संघटनेच्या नावातच १९१२ पासून ‘कलर्ड’ हा शब्द होता. १९५० साली त्या जागी ‘सेंट्रल’ आला. आद्याक्षरं तीच राहिली.

१९५६ साली वेक फॉरेस्ट हे गोऱ्यांचं कॉलेज याच शहरात आलं. तिथल्या बिली पॅकर या खेळाडूला कळलं, की पलीकडच्या काळ्या कॉलेजात क्लीओ हिल नावाचा मुलगा अजब खेळतो. तो सामना बघायला गेला. त्या गर्दीत हा एकटा गोरा पोरगा. गेन्स यांनी त्याला बोलावलं आणि संघाच्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं. पुढं दोन्ही कॉलेजांची मुलं गुपचूप एकमेकांशी खेळू लागली. प्रेक्षक नाहीत, बातमी नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये याच दोन कॉलेजांतले विद्यार्थी एका दुकानाच्या उपाहारगृहात एकत्र धरणं धरून बसले आणि एकत्रच पकडले गेले. त्या गुपचूप खेळांना मी या इतिहासाबाहेर ठेवणार नाही. हाच पॅकर पुढं दूरचित्रवाणीवरचा नामांकित समालोचक झाला.

१९६३ साली फिलाडेल्फियाहून अर्ल मन्रो आला. पहिल्या वर्षी त्याची सरासरी सामन्याला जेमतेम ७ गुणांची. चौथ्या वर्षी ४१.५! स्थानिक वर्तमानपत्र त्याच्या गुणांना ‘अर्लचे मोती’ म्हणू लागलं आणि तो कायमचा ‘अर्ल द पर्ल’ झाला. कॉलेजची व्यायामशाळा अपुरी पडली. सामने शहरातल्या मोठ्या क्रीडागृहात होऊ लागले आणि बाकांवर काळी-गोरी माणसं शेजारी शेजारी दिसू लागली. मार्च १९६७ मध्ये एव्हन्सव्हिलला राष्ट्रीय स्पर्धेतल्या छोट्या कॉलेजांच्या गटाची अंतिम लढत झाली. साउथवेस्ट मिझुरीवर ७७-७४ असा विजय, त्यात मन्रोचे ४० गुण. मोसमात ३१ विजय, एक पराभव. एनसीएए या राष्ट्रीय संस्थेचं बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवणारं कृष्णवर्णीयांचं हे पहिलं कॉलेज.

आणि इथंच गोष्टीला वळण लागतं. आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, त्याच राज्यातल्या चॅपेल हिलच्या मोठ्या विद्यापीठात डीन स्मिथ यांनी चार्ली स्कॉट या काळ्या खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन आणलं होतं. दारं उघडली होती. उघडायलाच हवी होती, दुमत नाही. पण काल ज्या मुलाला विन्स्टन-सेलमवाचून जागा नव्हती, त्याच्यासाठी आता मोठमोठी विद्यापीठं गालिचे अंथरू लागली. त्यांच्याकडं टोलेजंग क्रीडागृहं होती, पैसा होता. समतेची किंमत गोऱ्या कॉलेजांना फारशी पडली नाही. पडली ती ज्यांनी इतकी वर्षं या मुलांना आसरा दिला त्यांना. या हिशेबाची पावती कुणी कुणाला दिल्याचं मला तरी दिसत नाही.

गेन्स मात्र जागचे हलले नाहीत. आणखी २६ वर्षं ते तिथंच मुलं घडवत राहिले. १९८२ साली नेस्मिथ यांच्या नावाच्या कीर्तिदालनात त्यांना स्थान मिळालं, १९८९ साली प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपदही. उतारवयात पराभव वाढत गेले. तरी एकूण पराभवांची बेरीज ४४७ वरच थांबली. रप यांचा विक्रम १९९७ साली मोडला तो चॅपेल हिलच्या त्याच डीन स्मिथ यांनी.

निवृत्तीनंतरही गेन्स यांनी गाव सोडलं नाही. १८ एप्रिल २००५ रोजी ते विन्स्टन-सेलमलाच वारले. दंतवैद्यक राहिलं ते राहिलंच.