केंबरे, उंबराचे

उंबराच्या फळात जन्म घेणारा, त्याच वृक्षाचे परागण करणारा आणि त्यावाचून वंश चालवू न शकणारा, गांधीलमाशीच्या गणातील सुमारे दोन मिलिमीटर लांबीचा कीटक. शास्त्रीय नाव सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स, कुल अ‍ॅगॅओनिडी. व्हिएन्नाचे कीटकशास्त्रज्ञ गुस्टाफ माइर यांनी १८८५ साली याचे प्रथम वर्णन केले. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळणारी केंबरी एकाच जातीची मानावीत की नाही, याविषयी रेणवीय अभ्यासानंतर मतभेद आहेत.

आश्रयवृक्ष : उंबर, औदुंबर, गोव्यात रुमड, रुंबड. पेडणे महालात आणि पूर्वी भतग्राम म्हणविल्या जाणाऱ्या डिचोली महालात वहाळांच्या काठी, कुळागरांच्या कडेला व देवळांच्या आवारात हा वृक्ष आढळतो. त्याच्या इतिहासात गोमंतकीयांस अभिमान वाटावा असा एक दस्तऐवज आहे. कोचीचे डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान र्‍हीडे यांनी सिद्ध करविलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट या, गोव्याहून मलबारात गेलेल्या समाजातील तीन वैद्यांचे १६७५ सालचे कोकणी भाषेतील व नागरी लिपीतील प्रमाणपत्र समाविष्ट आहे. याच ग्रंथातील ‘अत्ति-आलु’ या वर्णनाचा आधार घेऊन लिनीअसने १७५३ साली उंबरास फायकस रॅसिमोसा हे नाव दिले.

जीवनक्रम : उंबराचे फळ हे वस्तुतः आत वळलेले पुष्पासन असून त्याच्या भित्तीस असंख्य सूक्ष्म फुले आतून चिकटलेली असतात. हिरवे, कोवळे उंबर मधोमध चिरल्यास टोकाशी एकमेकांवर घट्ट बसलेल्या खवल्यांचे द्वार दिसते. तेथून मादी अंग घासत आत शिरते, आणि या प्रवेशातच बहुधा तिचे पंख व शृंगिकांची टोके तुटून पडत असल्याने तिला परतीचा मार्ग उरत नाही. वक्षावरील खोबणींत जपून आणलेले पराग ती फुलांवर घालते, काही फुलांच्या बीजकोशांत अंडी घालते आणि तेथेच प्राण सोडते. अंडी पडलेल्या बीजकोशांच्या गाठी होऊन त्यांत डिंभ वाढतात, उरलेल्या फुलांत बीज धरते. ऋतुमानानुसार सुमारे महिना-दीड महिन्याने प्रथम नर बाहेर येतात. ते पंखहीन असून त्यांचे डोळे क्षीण असतात. अद्याप गाठीतच असलेल्या माद्यांशी समागम करून ते भित्तीत बोगदा पाडतात. माद्या तोवर फुललेल्या पुंकेसरांतील पराग भरून घेऊन त्या वाटेने बाहेर पडतात, आणि त्यानंतर फळ रंगते.

बाहेर पडलेल्या मादीचे आयुष्य सुमारे एका दिवसाचे. ज्या झाडावरून ती निघते त्याची फळे बहुधा एकाच अवस्थेत असल्याने कोवळी उंबरे धरलेले दुसरे झाड तिला तेवढ्या अवधीत गाठावे लागते. गंध तिला वाट दाखवितो, वारा वाहून नेतो. नामिबियातील वाळवंटात याच प्रजातीच्या आफ्रिकी केंबऱ्यांनी १६० किलोमीटरपर्यंत पराग नेल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले आहे. तथापि भिन्न भिन्न वेळी फळणारी पुष्कळ झाडे आसमंतात असल्याखेरीज वंशसातत्य राहत नाही. म्हणून देवस्थानापुढचा एकच औदुंबर श्रद्धेने राखून वहाळाकाठचे बाकीचे रुमड तोडून टाकणे म्हणजे केंबऱ्याचा आणि कालांतराने वृक्षाचाही निर्वंश ओढवून घेणे होय. पंचायतींनी हे ध्यानी घ्यावे.

शत्रू व उपरे : पाने शिवून घरटी करणारे तांबडे हुमले फळांवर पहारा ठेवून केंबरी टिपतात. बंगळूर येथे रेने बोर्जेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. परागण न करता फळाच्या भित्तीतून बाहेरूनच अंडी घालणाऱ्या अन्य जातीही उंबरावर नांदतात. त्यांपैकी अ‍ॅपोक्रिप्टा या परजीवी कीटकाच्या अंडनलिकेच्या दातेरी टोकात जस्त असल्याचे २०१४ साली दाखविण्यात आले. केसाहून बारीक अशा या नलिकेने टणक भित्ती कशी भेदली जाते, याचे ते समाधानकारक स्पष्टीकरण होय.

मनुष्यास उपद्रव : नाही, दंश करीत नाही.