बिस्ली, ४ ऑगस्ट १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा अधिकृत अहवाल संयोजन समितीने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल या प्रकारातले पहिले तिघे असे आहेत : हंगेरीचा कारोय ताकाच, ५८० गुण, अर्जेंटिनाचा कार्लोस एन्रिके दियास साएन्स वालिएन्ते, ५७१, स्वीडनचा स्वेन लुंडक्विस्ट, ५६९. तिघांच्याही साठपैकी साठ गोळ्या लक्ष्याला लागलेल्या. नेमबाज कोणत्या हाताने पिस्तूल धरतो, याचा रकाना निकालपत्रकात नसतो. त्यामुळे नुसता हा तक्ता पाहणाऱ्याला एवढंच कळतं, की ५९ स्पर्धकांत एक जण इतरांपेक्षा बराच सरस ठरला.

तो डाव्या हाताने खेळत होता आणि दहा वर्षांपूर्वीपर्यंत उजव्या हाताने खेळत असे, ही माहिती चरित्रनोंदींतून येते. आपल्याकडे ती त्याहूनही वेगळ्या वाटेने आली. ‘कॅरोली टकाक्स’ या नावाने ही गोष्ट शाळांच्या स्नेहसंमेलनांत, स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्यांदा सांगितली गेली आहे, की तिचे तपशील ज्याच्या त्याच्या सोयीने बदलत गेले. कुठे त्याचा हात कापावा लागतो, कुठे तो वर्षानुवर्षं अज्ञातवासात जातो. लंडनला तो अचानक उगवतो आणि सगळं जग चकित होतं, हा शेवट मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच. गोष्ट ऐकणाऱ्याला उभारी मिळते, हे खरं. पण तारखा एका ओळीत मांडल्या की या माणसाचं कर्तृत्व त्या गोष्टीपेक्षा मोठं दिसू लागतं. त्यासाठीच हा खटाटोप.

ताकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० चा, बुडापेस्टचा. तो हंगेरीच्या सैन्यात सार्जंट होता आणि १९३६ पर्यंत देशातल्या अव्वल पिस्तूल नेमबाजांत त्याची गणना होत होती. तरीही त्या वर्षीच्या बर्लिन ऑलिंपिकच्या संघात त्याला घेतलं नाही, कारण संघात फक्त कमिशनप्राप्त अधिकारीच असावेत असा हंगेरीत नियम होता. बर्लिननंतर हा नियम उठला आणि पुढच्या ऑलिंपिकची वाट मोकळी झाली. मग १९३८ साली सैनिकी सरावात सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातात फुटला. हाताला गंभीर इजा झाली आणि महिनाभर रुग्णालयात काढावा लागला. बाहेर आल्यावर त्याने डाव्या हाताने सराव सुरू केला.

सांगणारे इथून थेट लंडनला उडी मारतात. मधलं १९३९ हे साल गळतं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं साल तेच आहे. त्या वर्षीच्या वसंतात ताकाचने हंगेरीचं राष्ट्रीय पिस्तूल अजिंक्यपद जिंकलं, डाव्या हाताने. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नला जागतिक नेमबाजी स्पर्धा झाली. स्वयंचलित पिस्तुलाच्या सांघिक प्रकारात हंगेरीने विजेतेपद मिळवलं आणि त्या संघात ताकाच होता. म्हणजे अपघातानंतर फार तर दीड वर्षात तो जगज्जेत्या संघाचा भाग झाला होता. लंडनला आलेला माणूस अनोळखी नव्हता. युरोपातल्या पिस्तूल नेमबाजांच्या छोट्या वर्तुळात तो जुना गडी होता. हे वर्तुळ फक्त नऊ वर्षं विखुरलेलं राहिलं होतं.

या नऊ वर्षांचा हिशेब ऑलिंपिकच्या रद्द झालेल्या यजमानपदांवरून लागतो. १९४० चं ऑलिंपिक टोकियोला ठरलं होतं. जपानने ते जुलै १९३८ मध्ये परत केलं, मग ते हेलसिंकीकडे गेलं आणि युद्धाने बुडालं. १९४४ चं लंडनला दिलेलं, तेही झालं नाही. ताकाचच्या वयाची तिशी आणि चौतिशी, म्हणजे पिस्तूल नेमबाजाची ऐन उमेदीची वर्षं, या दोन कोऱ्या पानांत गेली. बुडापेस्टचं तर त्या काळात काय झालं नाही! १९४४ च्या डिसेंबरात शहराला वेढा पडला, तो १३ फेब्रुवारी १९४५ ला उठला. त्यानंतरच्या चलनफुगवट्याने पेंगो या चलनाचा कागद झाला आणि १ ऑगस्ट १९४६ पासून फोरिंट आलं. ओलिव्हेर हालाशी हा हंगेरीचा वॉटरपोलोपटू गुडघ्याखाली एक पाय नसताना १९२८ मध्ये रौप्य, १९३२ आणि १९३६ मध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघांत खेळला होता. बर्लिनचं पदक गळ्यात घालून परतलेला हा माणूस १९४६ मध्ये आपल्याच शहरात एका सोव्हिएत सैनिकाच्या हातून मारला गेला. ऑलिंपिकमध्ये उतरलेला पहिला अपंग खेळाडू म्हणून काही ठिकाणी ताकाचचं नाव घेतलं जातं, ते चूक आहे. लाकडी पाय लावून १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्स खेळलेला जॉर्ज आयसर आणि हा हालाशी, दोघेही त्याच्या आधीचे. हालाशीची आठवण हंगेरीत तेव्हा ताजी होती, म्हणून ही चूक मला जास्त टोचते.

अशा देशातून ३८ वर्षांचा ताकाच लंडनला आला. लंडनचीही स्थिती फार बरी नव्हती. ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच होतं. खेळाडूंना गोदी कामगार आणि खाणकामगार यांच्याइतकं वाढीव रेशन मंजूर झालं, राहायला लष्करी तळ आणि कॉलेजांची वसतिगृहं मिळाली आणि टॉवेल ज्याचा त्याने आणायचा होता. जर्मनी आणि जपान यांना निमंत्रण नव्हतं. बर्लिनच्या रॅपिड फायरमध्ये पहिले दोघे जर्मन होते, त्यामुळे गतविजेता नसलेली ही स्पर्धा होती.

नेमबाजी झाली सरे परगण्यातल्या बिस्ली इथे. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १८५९ ची. १८६० मध्ये विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने बैठकीवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून पहिली गोळी झाडून त्यांच्या स्पर्धांचं उद्घाटन केलं होतं. १८९० मध्ये संस्थेने आपला मुक्काम बिस्लीला हलवला आणि १९०८ च्या ऑलिंपिकची नेमबाजीही तिथेच झाली. मराठी वाचकाला हे नाव आणखी एका कारणाने जवळचं वाटावं. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेची नेमबाजी याच रेंजवर झाली आणि मुंबईच्या अंजली भागवतने तिथे चार सुवर्णपदकं मिळवली.

१९४८ च्या वेळापत्रकात ऑगस्टचा पहिला आठवडा नेमबाजीचा होता. २ तारखेला पेरूच्या एडविन वास्केसने फ्री पिस्तूल जिंकलं. ३ तारखेला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये आर्थर कुक आणि वॉल्टर टॉम्सन या दोन अमेरिकनांचे सारखे ५९९ गुण झाले आणि कुकला सुवर्ण मिळालं ते दहाच्या वर्तुळातल्या अगदी आतल्या नेमांची मोजणी करून. ४ ऑगस्टला, बुधवारी, रॅपिड फायर पिस्तूल.

हा प्रकार नीट समजून घेतल्याशिवाय त्या ५८० चा अर्थ लागत नाही. तेव्हा पंचवीस मीटरवर माणसाच्या आकाराची पाच लक्ष्यं शेजारी-शेजारी, कड नेमबाजाकडे करून उभी असत. नेमबाजाचा हात पिस्तुलासकट खाली, पंचेचाळीस अंशांवर. पाचही लक्ष्यं एकदम वळून समोर येत, तोपर्यंत हात हलवायचा नसे. मग हात उचलून प्रत्येक लक्ष्यावर एक, अशा पाच गोळ्या ठरलेल्या वेळात झाडायच्या. ही वेळ आधी आठ सेकंद, मग सहा, मग चार. तीस गोळ्यांचे असे दोन डाव, एकूण साठ गोळ्या, कमाल गुण ६००.

चार सेकंदांची फैर पाहा. हात वर येऊन पहिली गोळी सुटेपर्यंत सव्वा ते दीड सेकंद गेला, असं धरलं तर उरलेल्या चार गोळ्यांना प्रत्येकी पाऊण सेकंदही उरत नाही. तेवढ्यात पिस्तुलाचा धक्का पचवायचा, हात पुढच्या आकृतीवर नेऊन थांबवायचा, फ्रंट साइट पुन्हा खाचेत आणायची आणि मनगट न हलवता चाप दाबायचा. इथे विचाराला जागा नसते, हात सरावाने चालतो. आणि सराव असतो तो एका हाताचा. पंजाची पकड, चापावरच्या बोटाचा दाब, पायांची ठेवण, खांद्याचा कोन, कोणता डोळा पुढे, या सगळ्याची घडी उजव्या बाजूने बसलेली असते. ती मोडून, आरशात उलटी दिसावी तशी पुन्हा बसवायची आणि तीही इतकी पक्की, की पाऊण सेकंदात आठवावी लागू नये. हे काम इच्छाशक्तीचं आहेच, पण त्याहून जास्त ते हजारो काडतुसांचं आणि कंटाळवाण्या पुनरावृत्तीचं आहे. प्रेरणादायी भाषणात नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

आणखी एक गोष्ट नियमातूनच निघते. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही, हा नियम सर्वांना होता. त्यामुळे ४ ऑगस्टला फायरिंग लाइनवर उभ्या असलेल्या इतर अठ्ठावन्न जणांनाही एकच हात वापरता येत होता. मॅगझिन भरताना, स्लाइड मागे ओढताना ताकाचला उजव्या हाताची उणीव भासत असणार, पण लक्ष्यं वळली की तो सर्वांच्या बरोबरीला होता. त्याला सवलत कोणी दिली नव्हती आणि त्याची गरजही नव्हती.

बर्लिनशी या निकालाची तुलना करायचा मोह होतो. तिथे सुवर्णविजेत्या कोर्नेलिउस फान ओयेनच्या नावापुढे ३६ हा आकडा आहे. पण तो आकृतीला लागलेल्या गोळ्यांचा आहे, गुणांचा नव्हे. लंडनला आधी किती गोळ्या लागल्या ते पाहायचं आणि मग गुण, असा क्रम होता. पहिल्या तिघांचीही एकही गोळी आकृतीबाहेर गेली नाही, तेव्हा फैसला गुणांनीच झाला. साठ गोळ्यांत ताकाचने गमावले २०, दियासने २९, लुंडक्विस्टने ३१. दुसऱ्या-तिसऱ्यात दोन गुणांचं अंतर आणि पहिल्या-दुसऱ्यात नऊ गुणांचं. आधीच्या जागतिक विक्रमापेक्षा हे गुण दहाने जास्त होते.

आता त्या प्रसिद्ध संवादाकडे वळतो. स्पर्धेआधी दियासने विचारलं, तुम्ही इथे कसे? ताकाच म्हणाला, शिकायला आलोय. पदकं मिळाल्यावर दियास म्हणाला, पुरेसं शिकलात. निकालपत्रकं संवाद नोंदवत नाहीत. ही आठवण कथनांतून आलेली आहे आणि ती तशीच घ्यायला हवी. परिस्थितीशी मात्र ती जुळते. दियास १९४७ च्या स्टॉकहोम जागतिक स्पर्धेतला या प्रकाराचा विजेता होता, म्हणजे विचारण्याचा अधिकार असलेला माणूस. ताकाचच्या अपघाताची बातमी ऐकलेल्या जुन्या नेमबाजाला त्याला रेंजवर पाहून आश्चर्य वाटणंही स्वाभाविक. पण हा प्रश्न ‘हा कोण?’ असा नाही. ओळखीच्या माणसालाच असं विचारतात. संवाद खरा मानला, तरी त्यातून ताकाच अनोळखी ठरत नाही, उलटंच सिद्ध होतं.

चार वर्षांनी हेलसिंकीला चुरस फार घट्ट झाली. ताकाच ५७९, त्याचाच देशबांधव सिलार्ड कुन ५७८, रुमानियाचा गेऑर्गे लिकियार्दोपोल ५७८. कुन तेव्हा सतरा वर्षांचा होता, ताकाच बेचाळीसचा. रॅपिड फायरचं ऑलिंपिक सुवर्ण दोनदा जिंकणारा ताकाच पहिलाच. खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकामुळे आपल्याला आठवणारं ऑलिंपिक ते हेच आणि याच ऑलिंपिकमध्ये हरिहर बॅनर्जी आणि सौरेन चौधरी हे भारतीय नेमबाज रायफल घेऊन उतरले होते. त्यामागे १९५१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया होती आणि तिच्या उभारणीत लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचा पुढाकार होता. अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धेला त्यांचंच नाव आहे. साठ वर्षांनी, लंडनमध्येच, विजय कुमारने २०१२ चं रौप्यपदक जिंकलं, ते याच २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात.

१९५६ मध्ये मेलबर्नला रुमानियाच्या श्तेफान पेत्रेस्कुने ५८७ गुणांनी सुवर्ण जिंकलं. कांस्यपदकालाच ५८१ गुण लागले, म्हणजे बिस्लीचा विक्रमी आकडा आठ वर्षांत पदकालाही अपुरा पडू लागला होता. ताकाच आठवा आला. तरी १९५८ च्या मॉस्कोतल्या जागतिक स्पर्धेत, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सेंटर फायर पिस्तुलात त्याने कांस्यपदक मिळवलं. हंगेरीची पस्तीस राष्ट्रीय अजिंक्यपदं त्याच्या नावावर आहेत. एकेकाळी सार्जंट म्हणून संघाबाहेर ठेवलेला हा माणूस सैन्यात लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचला आणि ५ जानेवारी १९७६ रोजी वारला.