पर्ल भाषा आणि इंटरनेटचा मायना

राज्यें, युद्धें आणि तह यांचा इतिहास लिहिण्याची प्रथा जुनी आहे. हत्यारांचा इतिहास मात्र त्या मानानें उपेक्षित राहतो. त्यांतही जीं हत्यारें शब्दांचीं बनलेलीं असतात, त्यांच्याकडे इतिहासकाराचें लक्ष क्वचितच जातें. इंटरनेटवरील सेवांकडून काम करून घेण्यास ज्या लहान लहान भाषा उपयोगीं पडल्या, त्यांपैकीं पर्ल या भाषेचा वृत्तांत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. एवढ्या थोरल्या यंत्रणेशीं सामान्य माणसास स्वतः बोलतां येतें कीं नाहीं, हा या वृत्तांतांतील खरा प्रश्न होय.

प्रथम त्या यंत्रणेची बोली पाहूं. आपल्याकडे पत्रास मायना असे. वडिलांस काय लिहावें, बरोबरीच्यास काय लिहावें, हें ठरलेलें असे; आणि तो मायना ज्यास ठाऊक, त्यास कोणासही पत्र लिहितां येई. इंटरनेटवरील सेवांचाही असाच मायना ठरविण्यांत आला. जॉन पोस्टेल यांनीं ऑगस्ट १९८२ मध्यें टपालाचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणें एक संगणक दुसऱ्यास ‘हेलो’ म्हणून आपलें नांव सांगतो. मग पत्र कोणाकडून व कोणास, हें एकेका ओळींत कळवितो. नंतर मजकूर पाठवितो. आणि शेवटीं एका ओळीवर केवळ टिंब ठेवून पत्र संपल्याचें दर्शवितो. पलीकडून प्रत्येक वाक्यास आंकड्यानें उत्तर येतें. आंकडा २ नें सुरू झाला तर काम झालें. ३ नें झाला तर पुढें बोला. ४ नें झाला तर तूर्त जमत नाहीं. ५ नें झाला तर साफ नकार. हा सर्व संवाद डोळ्यांनीं वाचतां येई व हातानें टंकतांही येई. आंकड्यानें उत्तर देण्याची ही रीत पुढें वेबनेंही उचलली. अर्थ थोडे बदलले. परंतु न सांपडलेल्या पानाचा ‘४०४’ हा आंकडा आतां घरोघरीं परिचित आहे.

पर्ल भाषा जन्मली ती मात्र या सेवांसाठीं नव्हे. लॅरी वॉल हे भाषाशास्त्र शिकलेले गृहस्थ. अनेक फायलींत विखुरलेल्या नोंदी वेंचून त्यांचा अहवाल तयार करण्याचें काम त्यांच्यापुढें आलें. अशा कामास ऑक नांवाची भाषा वापरीत. ती अपुरी पडली, म्हणून त्यांनीं नवी रचली आणि १८ डिसेंबर १९८७ रोजीं यूजनेटवर सर्वांस मोफत देऊन टाकली. ओळींमागून ओळी वाचाव्या, त्यांतला अर्थ निवडावा आणि नव्या ओळी लिहाव्या, हा तिचा धर्म. इकडे इंटरनेटवरील सेवा ओळींतच बोलत होत्या. हा योग कोणीं जुळवून आणला नव्हता. पण तो जुळल्यावर न थकणारा एक कारकून जणूं प्रत्येकाच्या हाताशीं आला.

१९९३ सालीं इलिनॉय विद्यापीठांतील सुपरकॉम्प्युटिंग केंद्रांत वेब-सर्व्हरनें एखाद्या स्वतंत्र प्रोग्रामास प्रश्न विचारून त्याचें उत्तर वाचकास द्यावें, अशी सोय निघाली. ती कोणत्याही भाषेस खुली होती. परंतु प्रश्न व उत्तर दोन्ही मजकुराचींच असल्यानें पर्लचा तेथें विशेष प्रसार झाला. १९९४ मध्यें कॅलिफोर्नियांतील अर्व्हाइन येथें रॉय फील्डिंग या विद्यार्थ्यानें वेबवरील दुवे एकामागून एक उघडून तुटलेले कोणते तें सांगणारा प्रोग्राम पर्लमध्येंच लिहिला. हेंच फील्डिंग १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वेबच्या नियमांचे एक कर्ते होत. बोलतां बोलतां व्याकरण शिकलेला मनुष्य पुढें व्याकरणकार व्हावा, तसा हा प्रकार झाला.

मात्र न थकणारा कारकून मर्यादाही ओळखीत नाहीं. असे प्रोग्राम रात्रंदिवस पानें मागूं लागले, तेव्हां दुबळे सर्व्हर वांकूं लागले. यावर मार्टिन कोस्टर यांनीं १९९४ सालींच उपाय सुचविला: यजमानानें एका ठराविक नांवाच्या फाइलींत आपलीं कोणतीं दालनें यंत्र-पाहुण्यांस बंद आहेत तें लिहावें, आणि पाहुण्यानें तें आधीं वाचावें. यास कायद्याची जोड नव्हती. केवळ सभ्यतेची होती. तरीही हा संकेत टिकला आणि सप्टेंबर २०२२ मध्यें त्यास लेखी नियमाचें रूप आलें.

या खुल्या बोलींत एक उणेपण होतें, तें सांगितलेंच पाहिजे. तिचीं ‘साधीं’ अक्षरें म्हणजे इंग्रजी अक्षरें. १९८२ च्या त्या टपालांत देवनागरीस जागाच नव्हती. १९९२ मध्यें परक्या लिपी इंग्रजी अक्षरांच्या वेष्टनांत गुंडाळून पाठविण्याची युक्ति निघाली. परंतु पत्त्यांतही देवनागरी चालावी असा नियम होण्यास २०१२ साल उजाडलें. दार सर्वांस उघडें असलें, तरी उंबरठा सर्वांस सारखा नव्हता.

पर्लचा तो बहर आतां ओसरला आहे. १९९१ ची पायथन आणि १९९५ ची पीएचपी या भाषांनीं तिचें बरेंचसें काम उचललें. तें स्वाभाविकच आहे. चिंतेची गोष्ट निराळी. २०१५ सालच्या नव्या आवृत्तींत वेबचा संवाद तारेवर डोळ्यांनीं वाचतां येण्याजोगा राहिला नाहीं. वेगासाठीं तें क्षम्य मानूं, कारण प्रोग्राम तो उलगडून देतात. परंतु ट्विटरनें २०२३ मध्यें प्रोग्रामांस असलेला मोफत प्रवेश बहुतांशीं बंद करून शुल्क ठेवलें, तेव्हां कित्येक संशोधकांचें काम अडलें. तेथें भाषा ठाऊक नव्हती असें नाहीं. बोलण्याची परवानगीच उरली नाहीं.

मायना जाणणाऱ्या कोणासही पत्र लिहितां यावें, आणि पत्र लिहिणाऱ्यानें यजमानाच्या दाराची मर्यादा राखावी, अशा दुहेरी समजुतीवर हें सारें उभें राहिलें होतें. पाहुण्यांच्या उद्धटपणानें ती जशी मोडते, तशीच यजमानांच्या लोभानेंही मोडते. आपल्या घरांतील मुलें आज या भाषा शिकत आहेत. त्यांस व्याकरणाबरोबर ही समजूतही शिकविली जावी, असें आम्हांस वाटतें.