प्रश्न, आज्ञा आणि फेरफार

आज सर्वत्र रूढ असलेल्या डेटाबेसच्या भाषेचे नाव एस-क्यू-एल. त्यातील मधले अक्षर 'क्वेरी', म्हणजे प्रश्न, या शब्दाचे होय. वस्तुतः ही भाषा केवळ विचारीत नाही. 'सिलेक्ट'ने नोंद वाचली जाते हे खरे. परंतु 'इन्सर्ट', 'अपडेट' व 'डिलीट' यांनी ती अनुक्रमे घातली, पालटली व काढली जाते. पहिला प्रश्न, उरलेल्या आज्ञा. हा भेद आपल्या महसुली दप्तरास संगणकापूर्वीच ठाऊक होता, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव घ्यावे. हैद्राबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. हा प्रदेश १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला. राज्ये व जिल्हे पालटले, तरी शेत तेच राहिले. आणि ते कोणाचे, याचा निवाडा दप्तरातील नोंदीवर अवलंबून राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये सातबारा पाहणे ही एक गोष्ट, पालटणे ही सर्वस्वी दुसरी. पालट प्रथम गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहावयाचा. चावडीवर नोटीस लावावयाची. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त म्हणून निराळे नोंदवावयाचे. आणि प्रमाणन मंडळ अधिकाऱ्याने करावयाचे, लिहिणाऱ्या तलाठ्याने नव्हे. जुन्या खातेदाराचे नाव नाहीसे करीत नसत. त्यास कंस करून फेरफार क्रमांक घालीत.

आता यंत्राकडे वळू. १९७० साली ई. एफ. कॉड यांनी संबंधाधिष्ठित रचनेचा सिद्धांत मांडिला. १९७४ साली चेंबरलिन व बॉइस यांनी 'सीक्वेल' ही भाषा प्रसिद्ध केली; तीच पुढे एस-क्यू-एल झाली. आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात तिची वाक्ये इतर भाषांतील आज्ञावलींत गुंफता येऊ लागली. पुढील साधनांच्या नावांत वरील भेद स्पष्ट उमटला: १९९७ च्या जावामध्ये 'एक्झिक्यूट-क्वेरी' व 'एक्झिक्यूट-अपडेट' अशी दोन निराळी नावे आली, २००२ च्या डॉटनेटमध्ये 'एक्झिक्यूट-नॉन-क्वेरी', अक्षरशः 'जो प्रश्न नव्हे तो', असे नकारार्थी नाव आले. प्रश्नाचे उत्तर म्हणून ओळी मिळतात; या आज्ञांचे उत्तर म्हणून केवळ एक संख्या मिळते, किती ओळी पालटल्या ती. 'अपडेट'मधील 'व्हेअर' हे अटीचे उपवाक्य गळाले, तर एका गटाऐवजी सबंध गावाच्या खातेदारांची नावे पालटतील, आणि यंत्र त्यास चूक म्हणणार नाही. ती संख्या तपासणे हाच तेथे पहिला पहारा होय.

दुसरा पहारा रकान्याचा. छापील नमुन्यात नावाच्या रकान्यात काहीही लिहिले, तरी तो मजकूर हुकूम होत नाही. आज्ञावलीत मात्र बाहेरून आलेले नाव आज्ञेच्या वाक्यातच जोडले, तर तो मजकूर स्वतःच आज्ञा होऊन बसतो. म्हणून वाक्यात जागा रिकामी ठेवून मूल्य निराळे द्यावे लागते.

तिसरा पहारा अखंडतेचा. विक्रेत्याचे नाव कमी झाले आणि खरेदीदाराचे लागले नाही, तर जमीन कोणाचीच राहत नाही. म्हणून दोन्ही आज्ञा एका व्यवहारात बांधतात: 'कमिट' म्हणजे सर्व, 'रोलबॅक' म्हणजे काहीच नाही. जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात ही कल्पना करारविधीतून आली असे म्हटले. आणि चुकीची नोंद न खोडता नवी भरपाईची नोंद करावी, या हिशेबनिसांच्या जुन्या नियमाचेही स्मरण दिले. आपला कंस त्याच कुळातील होय.

तथापि साम्य येथे संपते. 'कमिट' व्यवहाराची पूर्णता राखतो, सत्यता नव्हे. फेरफाराचे लेखन व प्रमाणन यांच्यामध्ये हरकतीसाठी दिवस राखलेले असतात. यंत्राच्या दोन आज्ञांमध्ये निमिषमात्र अंतर असते, आणि तेवढ्यात कोणाही वारसास चावडीवर येता येत नाही. प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे अधिनियमाचे कलम १५७ सांगते. हा विश्वास नोंदीस हरकतीच्या संधीमुळे लाभतो. फेरफार संगणकावर आल्यावरही नोंद घेणारा व प्रमाणित करणारा हे दोन हात निराळे ठेविले गेले, यातील शहाणपण आज्ञावली लिहिणाऱ्याने ओळखिले पाहिजे.